इन्व्हर्टरची केबल गरम होतेय? आधी मीटर लावा, पाना नंतर

नवी मुंबईत ऐरोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबची तक्रार होती. लाइट गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत इन्व्हर्टरच्या बॅटरीची लाल केबल गरम लागते, जिन्याखालच्या कोपऱ्यात जळक्या प्लॅस्टिकसारखा वास येतो आणि बॅकअपही कमी झालाय. सिस्टीम साधीच. २ केव्हीएचा, २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरवाला साइनवेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये. मध्यंतरी फर्निचरचं काम झालं तेव्हा बॅटऱ्यांची ट्रॉली जिन्याखाली गेली आणि इन्व्हर्टर भिंतीवर वर चढला. त्यामुळे केबल तीन-तीन मीटर लांब झाल्या आणि काम करणाऱ्याने लाल केबल नवीन आणून टाकली.

अशा तक्रारीवर बहुतेक वायरमन पहिल्यांदा पाना घेऊन सगळे नट आवळतात. हे टाळावं. सैल सांधा आवळला की चार दिवस बरं वाटतं, पण नेमका दोष कुठे होता हे कायमचं पुसलं जातं. शिवाय सांधा मुळातच चुकीचा बांधलेला असेल तर आवळून तो सुधारत नाही. लेड म्हणजे शिसं मऊ असल्यामुळे बॅटरीचं टर्मिनल मात्र दबतं. म्हणून कशालाही हात न लावता, आहे त्या अवस्थेत मोजमाप घ्यायचं.

त्याआधी हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं. २४ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. पण या बॅटरीच्या शॉर्ट सर्किटमध्ये हजार अँपिअरच्या वर करंट जाऊ शकतो आणि दोन टर्मिनलांमध्ये अडकलेली अंगठी क्षणात लाल होते. पान्याच्या दांड्यावर इन्सुलेशन टेपचे दोन-तीन थर गुंडाळून घ्यावेत. चार्जिंग नुकतंच संपलं असेल तर खिडकी उघडून थोडं थांबावं, कारण तेव्हा बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो.

लोड स्थिर हवा. लॅबमधला फ्रिज मध्येच चालू होतो, मध्येच बंद पडतो, सेंट्रिफ्यूज सुरू होताना वेगळाच करंट ओढतं. अशा लोडवर घेतलेली रीडिंग एकमेकांशी जुळत नाहीत. आम्ही मशीन आणि फ्रिज तेवढ्यापुरते वेगळ्या सॉकेटवर घेतले आणि इन्व्हर्टरच्या आउटपुटला ५०० वॅटचे दोन हॅलोजन लावले. लाइट-पंखे धरून साधारण ११०० वॅट झाले. इस्त्री या कामाला चालत नाही, तिचा थर्मोस्टॅट मध्येच कट होतो. मग इन्व्हर्टरचा मेन प्लग काढून सिस्टीम बॅटरीवर आणली.

बॅटरीकडचा करंट मोजायला डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे केबलभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा मीटर लागतो. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, बॅटरीच्या केबलवर तो शून्य किंवा काहीतरी भलताच आकडा दाखवतो. डीसी क्लॅम्पही लावण्याआधी रिकाम्या जबड्याने झीरो करून घ्यावा लागतो. आकडा आला ५५ अँपिअर. हिशेब जुळतोय का ते लगेच पाहावं. ११०० वॅटला इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीकडून १३०० वॅटच्या आसपास जायला हवेत. लोडवर बॅटऱ्यांचे व्होल्ट ११.८५ आणि ११.७५, मिळून २३.६. तेराशेला २३.६ ने भागलं की ५५ येतात. म्हणजे इन्व्हर्टर जादा काही ओढत नाहीये. दोन बॅटऱ्यांमधला फरकही ०.१ व्होल्टचाच, म्हणजे एखादी बॅटरी बसली आहे असंही नाही.

आता मुख्य काम. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्ट डीसी रेंजवर ठेवायचा. एक प्रोब बॅटरीच्या लेड टर्मिनलवर टोचायचा आणि दुसरा थिंबलच्या, म्हणजे केबलच्या टोकाला चेपलेल्या भोकवाल्या तुकड्याच्या तांब्यावर. नटावर किंवा बोल्टवर टोचायचा नाही. नटावर ठेवलेला प्रोब खरी गोष्ट लपवतो, कारण करंट जिथून जायला हवा ती जागा टर्मिनल आणि थिंबल यांच्यामधली आहे. असं करत प्लसच्या टर्मिनलपासून निघून, इन्व्हर्टरपर्यंत जाऊन, परत मायनसच्या टर्मिनलपर्यंत प्रत्येक सांधा आणि केबलचा प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा. केबलच्या लांबीला २०० ची रेंज पुरली नाही तर वरची रेंज घ्यावी. ही सगळी रीडिंग लोड चालू केल्याबरोबर, केबल थंड असतानाच घ्यावीत. तांबं तापलं की त्याचा रोध दर १० अंशांना सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो आणि तुलना बिघडते.

मिळालेले आकडे असे. प्लस टर्मिनल ते थिंबल ९ मिलिव्होल्ट. लाल केबलमध्ये बसवलेल्या एमसीबीवर, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर १३०. लाल केबलवर ३१८. इन्व्हर्टरच्या लाल टर्मिनलला १६. दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या लिंकच्या एका टोकाला १४८, लिंकच्या वायरवर २०, दुसऱ्या टोकाला १२. मायनस टर्मिनलला ११, काळ्या केबलवर २०९, इन्व्हर्टरच्या काळ्या टर्मिनलला १४. बेरीज ८८७ मिलिव्होल्ट. पडताळणी म्हणून थेट इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मोजलं तर २२.७ व्होल्ट. बॅटऱ्यांकडे २३.६, म्हणजे फरक ०.९. बेरीज जुळली, कुठलाही सांधा मोजायचा राहिला नाही.

बॅकअप का कमी झाला याचं उत्तर इथेच मिळतं. इन्व्हर्टर बॅटरी संपली की नाही हे स्वतःच्या टर्मिनलवरच्या व्होल्टेजवरून ठरवतो. वाटेत ०.९ व्होल्ट गळत असतील तर बॅटरीत जीव शिल्लक असतानाच तो लो बॅटरीचा भोंगा वाजवून बंद होतो. बिचाऱ्या बॅटऱ्या बदलायची तयारी लॅबवाल्यांनी केली होती.

आता एकेक आकडा वाचू. चांगला सांधा ५५ अँपिअरला १० ते १५ मिलिव्होल्टच्या आत असतो. १४८ हा आकडा वेगळा उठून दिसतो. ०.१४८ ला ५५ ने भागलं की २.७ मिलिओहम. ऐकायला किरकोळ, पण ५५ अँपिअर गुणिले ०.१४८ व्होल्ट म्हणजे ८ वॅट उष्णता, तीही अंगठ्याएवढ्या जागेत.

प्रत्यक्षात ती आठहून जास्तच असते. ट्रान्सफॉर्मरवाला इन्व्हर्टर बॅटरीकडून करंट सलग ओढत नाही, सेकंदाला १०० हिसक्यांनी ओढतो. क्लॅम्प मीटर डीसीवर या हिसक्यांची सरासरी दाखवतो. उष्णता मात्र करंटच्या वर्गाप्रमाणे होते, त्यामुळे हिसका पूर्ण असेल तर खरी उष्णता सरासरीवरून काढलेल्या आकड्याच्या दीडपटीपर्यंत जाते. ५५ अँपिअरची सरासरी असलेली केबल ६६-६७ अँपिअर सलग वाहत असल्यासारखी तापते. तक्त्यात बघून केबल निवडणारे नेमके इथेच फसतात. तक्ता बरोबर असतो, पण तो सलग करंटसाठी असतो.

केबलचं उत्तर अधिक मजेशीर निघालं. लाल आणि काळी, दोन्हींवर १६ चौ. मिमी असा शिक्का, लांबी दोघींची तीन मीटर, करंट तोच. तरी काळीवर २०९ आणि लालवर ३१८. १६ चौ. मिमी तांब्याच्या लवचिक केबलचा रोध २० अंशांना मीटरमागे १.२१ मिलिओहम असतो, ३० अंशांना १.२६ च्या आसपास. तीन मीटरला, ५५ अँपिअरला २०८ मिलिव्होल्ट. काळी केबल बरोब्बर तिथे आहे. लाल केबल दीडपट. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली तार, बाजारात जिला सीसीए म्हणतात, तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो. एक तार सोडवून ब्लेडने खरवडली की आत चांदीसारखा पांढरा रंग दिसतो. इथेही तो दिसला. चुंबकाने हे ओळखता येत नाही, तांबं आणि ॲल्युमिनियम दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. वजनाने कळतं. तांबं ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड, त्यामुळे अशी केबल हातात घेतल्यावर संशयास्पद हलकी लागते.

एमसीबीवरचे १३० मिलिव्होल्ट मात्र घाबरण्यासारखे नाहीत. एमसीबीच्या आत बायमेटलची पट्टी आणि कॉइल असते, ती तापणारच. ६३ अँपिअरच्या घरगुती एमसीबीला पूर्ण करंटवर एका पोलमागे १३ वॅटपर्यंत उष्णता मानकात मान्य आहे. इथे ती सात वॅट, हिसके धरून दहा-अकरा. तो कोमट लागणं हा दोष नाही. दोष वेगळाच होता. तो एसीचा एमसीबी होता. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, त्यामुळे संपर्क उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीला शून्य नाही. ती ठिणगी पेटतीच राहू शकते आणि एमसीबीचा डबा वितळतो. शिवाय हा एमसीबी इन्व्हर्टरजवळ होता, म्हणजे तीन मीटर केबल बॅटरीपासून तिथपर्यंत कुठल्याही संरक्षणाशिवाय. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ हवा, कारण करंटचा उगम तिथे आहे.

अर्धा तास लोड चालवून मग तापमान घेतलं. जाड केबलला स्थिर तापमानाला यायला वेळ लागतो, पाच मिनिटांत हात लावून निष्कर्ष काढू नये. इन्फ्रारेड गन चकचकीत धातूवर खोटं कमी तापमान दाखवते, म्हणून प्रत्येक थिंबलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरायचा. कोरोनाच्या काळात सोसायट्यांच्या गेटवर आलेल्या कपाळावर धरायच्या गन या कामाच्या नाहीत, त्या ताप मोजण्यापुरत्याच चालतात. खोलीचं तापमान ३२. लिंकचं खराब टोक ७९, लाल केबल ५७, काळी ४८, एमसीबी ५५, बाकीची थिंबलं ४१ ते ४४. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश असते. वास कुठून येत होता ते स्पष्ट झालं. तक्रार लाल केबलची होती, वास मात्र लिंकच्या टोकाचा.

गन नसेल तर हातानेही बरंच कळतं, फक्त कुठे गरम आहे ते नीट पाहायचं. केबल पूर्ण लांबीभर सारखी गरम असेल तर ती बारीक आहे किंवा हलक्या प्रतीच्या धातूची आहे. टोकाला जास्त गरम आणि मधे कमी असेल तर दोष सांध्यात. थिंबल आणि केबल दोन्ही थंड, पण बॅटरीचं टर्मिनल बुडाशी गरम असेल तर बॅटरीच्या आतला जोड गेलाय. ती बॅटरी उघडायच्या भानगडीत न पडता वॉरंटीत परत द्यावी. आणि चार्जिंगच्या वेळीसुद्धा केबल गरम होत असेल तर गोष्ट गंभीर. चार्जिंगचा करंट साधारण १५ ते २० अँपिअर, त्यावर धड केबल थंडच राहायला हवी.

यानंतर इन्व्हर्टर बंद करून, मेन प्लग काढून, खराब सांधा उघडला. बोल्ट ८ मिमीचा. क्रम असा होता: टर्मिनल, त्यावर लोखंडी वॉशर, त्यावर थिंबल, मग नट. म्हणजे सगळा करंट लोखंडी वॉशरमधून आणि बोल्टमधून जात होता. लेडच्या पृष्ठभागावर वॉशरच्या कडेने उमटलेलं एक राखाडी कडं दिसत होतं, तेवढाच काय तो संपर्क. बाकी जागेवर पांढरी भुकटी आणि कडेला हिरवट-निळी पूड. पांढरं ते लेड सल्फेट, हिरवं-निळं तांब्याचं. ॲसिडचा ओलावा आणि ऐरोलीसारखी खाडीकडची दमट खारी हवा, दोन्ही मिळून हे काम जोरात करतात. थिंबल पकडीने चेपलेलं होतं. थोडं ओढल्यावर तारा चक्क बाहेर सरकल्या. दोन-तीन इंच आवरण सोललं तरी आतल्या तारा काळ्याच. ॲसिड तारांमधल्या फटींतून आत चढतं. अशा केबलचं टोक चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जावं लागतं, आणि तेवढी लांबी उरत नसेल तर केबल टाकून द्यावी.

टर्मिनल साफ करायला एक वाटी पाण्यात चमचाभर खायचा सोडा पुरतो. बॅटरीच्या सगळ्या झाकणांची खात्री करून मगच ब्रश फिरवायचा. सोड्याचं पाणी सेलमध्ये गेलं तर तेवढं ॲसिड मारून टाकतं. फेस येणं थांबलं की साध्या पाण्याच्या फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं आणि लेडवर पॉलिश पेपर हलका फिरवायचा. खरवडू नये.

नवीन केबल किती जाड घ्यायची हे आजच्या ११०० वॅटवरून ठरवायचं नाही. इन्व्हर्टर पूर्ण लोडवर १६०० वॅट देणार, बॅटरी संपत आल्यावर २२ व्होल्टला तो ८६ अँपिअरच्या आसपास सरासरी ओढणार, हिसके धरून १०५. त्यामुळे ३५ चौ. मिमी. मीटरला ०.५५ मिलिओहम. मुंबईच्या लोहार चाळीत लवचिक तांब्याची केबल मिळते, वेल्डिंग केबलही चालते. दुकानातच टोक खरवडून पाहावं, लाजू नये. इन्व्हर्टर खाली आणून ट्रॉलीच्या बाजूच्या भिंतीवर बसवला, तेवढ्याने लांबी तीनवरून दीड मीटरवर आली. बॅटरीच्या थेट वर मात्र बसवायचा नाही. ॲसिडची वाफ त्याच्या बोर्डाला खाते. केबल जाड करण्यापेक्षा लांबी कमी करणं नेहमी स्वस्त पडतं, फर्निचरवाल्याला ते पटवणं तेवढं अवघड.

थिंबल ३५ चौ. मिमी, ८ मिमी भोकाचं, कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याचं. ॲल्युमिनियमचं घेऊ नये. भोक मोठं असलेलंही घेऊ नये, संपर्काची जागा कमी होते. केबल सोलताना थिंबलच्या नळीची खोली अधिक दोन मिमी एवढंच सोलायचं. तारा नळीत शिरत नाहीत म्हणून चार तारा कापून टाकायची सवय काहींना असते. ज्या तारा कापल्या तेवढी केबल बारीक झाली. त्याऐवजी बारीक तारांच्या केबलला चालणारं थिंबल घ्यावं. क्रिम्पिंगला, म्हणजे थिंबल केबलवर दाबून बसवायला षटकोनी डायचं हायड्रॉलिक टूल लागतं. विकत घेणं परवडत नसेल तर पॅनेल बनवणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या महापे-तुर्भे पट्ट्यात, मोजून कापलेल्या केबल नेल्या तर क्रिम्प करून मिळतात. क्रिम्प झालं की जोर लावून ओढून पाहायचं. नुसतं सोल्डर ओतलेलं थिंबल नको. सांधा तापला की सोल्डर मऊ होतं, आणि ते केबलमध्ये चढून तिचा तेवढा भाग कडक करतं. मग तार तिथेच तुटते. शेवटी आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे ॲसिडला आत चढायला वाट राहत नाही.

जोडताना क्रम: टर्मिनल, त्याला चिकटून थिंबल, मग प्लेन वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. स्प्रिंग वॉशर सपाट झाला की थांबायचं. बॅटरीवर टॉर्कचा आकडा छापलेला असेल तर तोच पाळायचा. पेट्रोलियम जेली आवळून झाल्यावर वरून लावायची. एमसीबी काढून प्लसच्या टर्मिनलजवळ १२५ अँपिअरचा डीसी फ्यूज बसवला. फ्यूजवर डीसी व्होल्टेज आणि तो किती अँपिअर तोडू शकतो हे दोन्ही छापलेलं असावं. एमसीबीच हवा असेल तर डीसीचा घ्यावा आणि त्यावर प्लस-मायनसची खूण असेल तर ती उलटी लावू नये. शेवटची जोडणी करताना इन्व्हर्टरमधले कॅपॅसिटर भरताना टर्मिनलवर मोठी ठिणगी पडते. ती टाळायला गाडीचा २४ व्होल्टचा बल्ब मधे धरून पाच-दहा सेकंद थांबायचं, बल्ब विझत आला की केबल जोडायची.

परत तोच लोड, तेच मोजमाप. टर्मिनलांचे सांधे ८ ते १२ मिलिव्होल्टमध्ये. लाल केबल ४८, काळी ४७, लिंकची वायर ९, फ्यूज होल्डरसकट ४२. बेरीज २०४. अर्ध्या तासाने केबल ३७ अंश, थिंबलं ३८-३९, फ्यूज ४६.

जिथे चार बॅटऱ्या पॅरलल आहेत तिथे आणखी एक गोष्ट बघावी. इन्व्हर्टरच्या दोन्ही केबल एकाच बॅटरीवर लावलेल्या असतील तर ती बॅटरी आणि तिची लिंक जास्त करंट वाहते, शेवटची निवांत असते. प्लस पहिल्या बॅटरीवरून आणि मायनस शेवटच्या बॅटरीवरून घेतला की वाटणी बरीच सारखी होते. लिथियमच्या ४८ व्होल्ट रॅक बॅटऱ्यांमध्ये वेगळाच घोळ सापडतो. टर्मिनलमध्ये आटे असलेलं भोक असतं आणि बोल्ट लांब निघाला तर तो भोकाच्या तळाला टेकतो. पान्याला घट्ट लागतो, खाली थिंबल मात्र सैल. हाताने थिंबल फिरवून बघायचं. फिरलं तर बोल्ट छोटा लावायचा.

लेडवरचा सांधा पहिल्या महिन्यात स्वतःहून थोडा सैल पडतो, कारण दाबाखाली लेड हळूहळू सरकतं. त्यामुळे महिन्याभराने, सिस्टीम बंद आणि थंड असताना एकदा पाना लावावा, त्यानंतर सहा महिन्यांनी, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. ट्रॉलीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने हे दहा आकडे आणि ५५ अँपिअर लिहून ठेवले आहेत. पुढच्या वेळी जो कोणी येईल त्याने तोच लोड लावून मोजावं. जो आकडा दुप्पट झाला असेल तेवढाच सांधा उघडावा.